खडपात अडकलेला हेकरू : एका बुडीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मुंबईतल्या दोन हौशी पाणबुड्यांचे आहे. नात्याने ते मामा आणि भाचा. दोघांनीही लिहिण्यास परवानगी दिली, मात्र नावे, होडीचे नाव आणि खडपाची, म्हणजे समुद्रातल्या खडकाची, नेमकी जागा येऊ नये अशी अट घातली. म्हणून येथे त्यांना मामा आणि भाचा, तर होडीच्या मालकाला नाखवा एवढेच म्हटले आहे. मी श्वास रोखून बुडी मारण्याचे शिक्षण देतो आणि भाचा माझ्याकडे दोन हिवाळे शिकला आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण जे चुकले त्यातला काही भाग माझ्या शिकवण्यातला आहे. लेखनाला तीन आधार आहेत: दोघांशी वेगवेगळे बसून झालेले बोलणे, नाखव्याने सांगितलेली हकिकत, आणि मामांच्या मनगटावरच्या बुडीच्या घड्याळातली नोंद, जिच्यात प्रत्येक बुडीची खोली आणि वेळ सेकंदापर्यंत राहते. माणसांची आठवण आणि घड्याळ यांचे जेथे जमले नाही, तेथे मी घड्याळ मानले आहे.

पार्श्वभूमी

मामा ४६ वर्षांचे आहेत. आखाती देशात नोकरीला असताना त्यांना स्पिअरफिशिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता एका श्वासात खाली जाऊन भाल्याने मासा मारण्याचा छंद लागला आणि मुंबईत परतल्यावरही तो सुटला नाही. भाचा २४ वर्षांचा. त्याला पाण्यात पहिल्यांदा नेले ते मामांनी, पहिला मास्क घेऊन दिला तो मामांनी, आणि श्वास रोखण्याचे रीतसर शिक्षण घे असे सांगून माझ्याकडे पाठवले तेही मामांनीच. या ऋणाचा पुढच्या घटनाक्रमाशी थेट संबंध आहे.

त्यांच्याकडे दोन स्पिअरगन होत्या. बंदूक म्हटले तरी तिच्यात दारू नसते. जाड रबराच्या ताणावर पोलादी भाला सुटतो. मामांची गन १०० सेंटीमीटर लांबीची, भाला ७ मिलिमीटर जाडीचा. भाल्याच्या टोकापाशी एक मिटणारा काटा असतो, तो माशाच्या आरपार गेला की उघडतो आणि भाला मागे निसटत नाही. भाला तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या मजबूत दोरीने, गनला बांधलेला, गन पंचवीस मीटरच्या तरंगत्या दोराने वरच्या बोयाला. म्हणजे भाला कुठे अडकलाच, तर गन सोडून देऊन माणूस रिकाम्या हाताने वर येऊ शकतो, आणि बोया वर राहिल्यामुळे जागाही हरवत नाही. सामानाची ही रचना मुळात अशाच प्रसंगासाठी केलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

मुंबईच्या आसपास हा छंद करणे म्हणजे वर्षातले थोडे दिवस हेरून काढणे. ठाण्याच्या, पनवेलच्या आणि धरमतरच्या खाड्यांचा गाळ ओहोटीबरोबर बाहेर येतो आणि एरवी पाण्यात स्वतःचा हातही धड दिसत नाही. मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, तेव्हा पाणी ढवळून निघते. भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तो फरक निम्म्याहून कमी असतो, ओढ मंदावते आणि गाळ खाली बसतो. त्यामुळे ही मंडळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले अष्टमी ते एकादशीच्या आगेमागचे दिवस पाहतात आणि त्यातही भरती भरून पाणी थांबते ती वेळ धरतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब त्यांना मोबाइलवरच्या तक्त्याइतकाच उपयोगी पडतो. मालवणचे पाणी कितीतरी नितळ, पण तेथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि भाला घेऊन तेथे जायचे नाही असे मामांनी पूर्वीच ठरवले होते. त्यांचे दिवस जात ते अलिबागच्या समोरच्या समुद्रातल्या एका खडपावर.

तेथे मिळतात ते खडपी मासे: कोकर, तांबोसा आणि या सगळ्यांत ज्याच्यासाठी माणूस थंडीत पहाटे उठतो तो हेकरू, म्हणजे इंग्रजीतला ग्रूपर, ज्याला काही जण गोबरा म्हणतात. हेकरूच्या दोन गोष्टी या प्रकरणात महत्त्वाच्या ठरल्या. पहिली अशी, की घाबरला किंवा जखमी झाला की तो उघड्या पाण्यात पळत नाही, कपारीत शिरतो, कल्ल्यांची झाकणे फुलवतो, पाठीचे काटे उभे करतो आणि दगडात पाचरीसारखा बसतो. मग त्याला ओढणे म्हणजे खडप ओढणे. दुसरी अशी, की या कुळातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि वाढल्यावर त्यांतले काही नर होतात, त्यामुळे सर्वांत मोठा मासा उचलला की त्या खडपावरचा नर जाण्याची शक्यता जास्त. याशिवाय याच कुळातल्या महाकाय हेकरूला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा पूर्ण मासा दिसल्याशिवाय आणि ओळख पटल्याशिवाय भाला सोडायचा नाही, हा नियम मामांनी स्वतःला घालून घेतला होता आणि भाच्यालाही शिकवला होता.

तो दिवस

जानेवारीतला रविवार, पौष वद्य दशमी. पाऊणपटीच्या हिशोबाने भरती साडेसातची. पहाटे सव्वापाचला होडी भाऊच्या धक्क्यावरून निघाली. होडीवर हे दोघे, नाखवा आणि एक खलाशी. साडेसातच्या आत खडपावर पोचायचे, थांबलेल्या पाण्यात आणि ओहोटीच्या पहिल्या तासात बुड्या मारायच्या आणि नऊच्या सुमारास आवरते घ्यायचे, असा बेत होता. बंदराबाहेर पडता पडता पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि तुटक्या जाळ्याचा गुंता अडकला. तो सोडवण्यात पन्नास मिनिटे गेली. खडपावर पोचायला आठ वीस झाले आणि पहिली बुडी आठ पस्तीसला लागली.

येथे पहिला निर्णय झाला, खरे तर झालाच नाही. पन्नास मिनिटे उशीर झाल्यावर आवरायची वेळ नऊचीच राहणार की पन्नास मिनिटे पुढे जाणार, हे कोणी बोलले नाही. बेत वेळेचा नव्हता, पाण्याचा होता. माणसे उशिरा आली म्हणून ओहोटी थांबणार नव्हती. तरीही दोघांच्या मनात “अजून तासभर आहे” हेच राहिले. ओढ लागणार म्हणून मामांनी तळाशी स्थिर राहता यावे यासाठी शिशाच्या पट्ट्यात नेहमीच्या पाच किलोंवर आणखी दोन किलो चढवले. हे त्यांनी भाच्याला सांगितले नाही, आणि भाच्यानेही पाहिले नाही.

पाणी सहा-सात वाव खोल, साधारण बारा मीटर. चार मीटरपर्यंत दिसत होते, म्हणजे या भागाच्या मानाने उत्तम. सुरुवातीच्या बुड्या घड्याळात नमुनेदार आहेत: पन्नास ते साठ सेकंद खाली, अडीच ते तीन मिनिटे वर विश्रांती, एक खाली असताना दुसरा वर तरंगत पाहतो आहे. भाच्याने एक कोकर मारला. ही पस्तीसएक मिनिटे मी शिकवणीत दाखवावीत इतकी नीट आहेत, आणि पुढे काय झाले ते पाहताना हेच मला सर्वांत खटकते.

अडचण

नऊ बाराला मामा खाली गेले आणि एका सपाट दगडाच्या पुढ्यात पोटावर पडून राहिले. पन्नासएक सेकंदांनी कपारीच्या तोंडाशी हेकरूचे डोके आणि खांदा आला. नारिंगी ठिपके दिसले, त्यामुळे महाकाय हेकरू नव्हे हे त्यांना पटले. शेपटी मात्र दिसली नाही. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठी भासते हे त्यांना माहीत होते, ते वजा करूनही मासा दहा-बारा किलोंचा वाटला. त्यांनी भाला सोडला. भाला डोळ्याच्या मागे मेंदूवर बसला असता तर मासा जागीच शांत झाला असता. तो चार बोटे मागे, कल्ल्याच्या वर लागला. हेकरू वळला आणि भाल्यासकट कपारीत गेला.

मामांनी तंगूस धरून दोन-तीन झटके दिले, मग गन सोडली आणि वर आले. खोली १२.१ मीटर, वेळ १ मिनिट २२ सेकंद. त्या दिवसातली ती तोवरची सर्वांत लांब बुडी होती.

यानंतरचे आकडे एकापाठोपाठ एक वाचले, की प्रकरण आपोआप उलगडते. वर विश्रांती १ मिनिट ४५ सेकंद. दुसरी बुडी ११.६ मीटर, १ मिनिट १६ सेकंद. विश्रांती १ मिनिट २० सेकंद. तिसरी बुडी ११.९ मीटर, १ मिनिट २५ सेकंद. विश्रांती १ मिनिट ५ सेकंद. चौथी बुडी. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर, हा साधा नियम भाला लागल्यापासून एकदाही पाळला गेला नाही आणि दर खेपेला विश्रांती आखूडच होत गेली. शिवाय या बुड्या टेहळणीच्या नव्हत्या. दगडाला पाय लावून, दोन्ही हातांनी भाला पिळून ओढण्याच्या होत्या, आणि अशा कामात मांड्या व दंड प्राणवायू किती भराभर खातात हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

समोरचे पर्याय

बोलण्यात दोघांनीही जे पर्याय त्या वेळी मनात आल्याचे सांगितले, ते असे. एक, गन, दोर आणि बोया जागेवर सोडून होडीवर जायचे, वीस-पंचवीस मिनिटे बसायचे आणि ताज्या दमाने परत यायचे. यात अडचण एवढीच, की ओहोटी वाढत होती आणि पाणी गढूळ होऊ लागले होते. अर्ध्या तासाने कपार दिसली असती याची खात्री नव्हती. दोन, भाच्याने त्याची गन घेऊन खाली जायचे आणि कपारीतच माशाच्या डोक्यात दुसरा भाला घालायचा. अनुभवी मंडळी बहुधा हेच करतात, कारण जिवंत हेकरू ओढून निघत नाही, मेलेला निघतो. पण भाच्याला तोवर नऊ मीटरपर्यंतचाच सराव होता आणि ओढ लागलेल्या पाण्यात बारा मीटर हा त्याचा पहिलाच प्रसंग ठरला असता. तीन, दोर होडीला बांधून होडीच्या जोरावर ओढायचे. हे मामांनी लगेच बाद केले आणि ते बरोबरच होते. भाला वाकतो, मासा फाटतो आणि ताणलेला तंगूस तुटून उसळला तर माणसाला लागतो. चार, तंगूस कापायचा आणि भाला व मासा दोन्ही सोडून द्यायचे. पाच, लगेच पुन्हा जायचे.

मामांनी पाचवा पर्याय घेतला. का, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला प्रामाणिक वाटले. भाल्याची किंमत त्यांना अडवत नव्हती. जखमी मासा कपारीत तडफडत सोडून जाणे त्यांना पाप वाटत होते, आणि प्रत्येक बुडीत भाला थोडा हलत होता, म्हणजे पुढच्या खेपेला सुटेल असे वाटत होते. ही दोन्ही कारणे चांगल्या माणसाची आहेत. म्हणूनच ती धोक्याची ठरली. हाव असती तर त्यांनी ती ओळखली असती.

भाच्याच्या मनात चौथा पर्याय होता. तंगूस कापायला लागणारी सुरी मात्र मामांच्या पट्ट्याला होती.

काय घडले

तिसऱ्या बुडीनंतर मामा वर आले ते बोयाला दोन्ही हातांनी धरून. भाच्याने सांगितले, की त्यांची मान दोन-तीनदा आपोआप हलली, ओठ जांभळट दिसले, आणि स्नॉर्केल तोंडात घालायला गेले तेव्हा ते आधी गालावर लागले. प्राणवायू इतका कमी झाला आहे की स्नायूंवरचा ताबा सुटतो आहे, याची ही खूण. ती दिसली की त्या दिवसाची बुडी संपली, यात चर्चेला जागा नसते. भाच्याने ही खूण ओळखली होती. त्याने मला ती शिकवणीतल्या शब्दांत सांगितली.

मग तो मामांना म्हणाला, “मामा, जरा थांबूया का?”

मामा म्हणाले, “अरे, आता निसटेल तो. एकदाच.”

साधारण त्याच वेळी नाखव्याने होडीवरून ओरडून ओहोटीची ओढ वाढल्याचे सांगितले. वाऱ्यामुळे आणि वेटसूटच्या टोपीमुळे मामांना ते ऐकू आले नाही. भाच्याला आले, पण त्याने हात वर करून फक्त “कळले” अशी खूण केली. ओढीमुळे होडी आता ऐंशी-नव्वद मीटर खाली सरकली होती आणि नांगर उचलून जवळ यावे की नाही याचा नाखवा विचार करत होता. पाण्यात माणसे असताना पंखा फिरवायचा नाही, हा त्याचा नियम.

जाण्याआधी मामांनी सात-आठ खोल, जोरकस श्वास घेतले. असे केल्याने अंगात प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, आणि श्वास घ्यायची तगमग त्याच्या वाढण्याने होते. म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवून माणूस आत शिरतो. खाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायूही रक्तात जात राहतो आणि माणसाला ठीक वाटते. वर येताना तोच दाब निम्म्यावर येतो, प्राणवायूचा जोर त्याबरोबर कोसळतो आणि शेवटच्या काही मीटरांत, उजेड दिसत असताना, शुद्ध जाते. पाणबुडे याला सरळ ब्लॅकआउट म्हणतात. त्याआधी गुदमरल्यासारखे होईलच असे नाही, आणि मामांना झाले नाही.

घड्याळाप्रमाणे चौथी बुडी ११.९ मीटरपर्यंत गेली, वर येणे १ मिनिट ३० सेकंदांच्या सुमारास सुरू झाले, आणि २.८ मीटरवर चढण थांबली. काही सेकंद आलेखाची रेघ आडवी आहे, मग ती खाली वळते. पाच किलोंचा पट्टा असता तर त्या खोलीवर शरीर स्वतःहून वर तरंगले असते. सात किलोंनी ते चार मीटरपर्यंत खाली गेले.

भाचा वरून पाहत होता, आणि या प्रकरणात जे वाचले ते यामुळे. फिन्स थांबल्या आणि तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा सुटला, हे त्याने पाहिले व त्याच श्वासात तो खाली गेला. त्याने एका हाताने हनुवटी वर धरून तोंड बंद ठेवले, दुसऱ्याने पट्ट्याचे बक्कल उघडून शिसे सोडून दिले आणि मामांना वर आणले. मास्क काढला. गालावर फुंकर, चापट, हाक: “मामा, श्वास घ्या.” हे तीनदा. प्रतिसाद नाही. मग त्याने पाण्यातच दोन श्वास तोंडाने दिले. दुसऱ्यानंतर मामांनी कण्हत हवा ओढली. बुडीची एकूण वेळ १ मिनिट ५८ सेकंद. भाला लागल्याच्या बुडीपासून येथपर्यंत, सगळे मिळून, दहा मिनिटे अकरा सेकंद.

होडी यायला आणखी चार मिनिटे लागली. खलाशाने दोघांना वर घेतले. मामा कुशीवर पडून खोकत होते, थुंकीला फेस होता. होडीवर प्राणवायूची टाकी नव्हती. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक कोणालाच ठाऊक नव्हता. भाच्याने जोडला तो १०८, किनाऱ्यावर रुग्णवाहिका मिळावी म्हणून.

येथे आणखी एक निर्णय आला आणि तो आधीच्यांहून फार वेगळ्या रीतीने झाला. दहा मिनिटांत मामा उठून बसले आणि म्हणाले, की मला काही झालेले नाही, दम लागला होता, सरळ मुंबईला चला. भाचा पुन्हा गप्प. नाखव्याने मात्र तोवर होडी समोरच्या अलिबागच्या किनाऱ्याकडे वळवली होती. होडी माझी आहे, ती कुठे न्यायची ते मी बघतो, एवढे सांगून त्याने तोंड फिरवले. कोणीही वाद घातला नाही.

परिणाम

पाऊण तासात होडी किनाऱ्याला लागली. रुग्णालयात प्राणवायू लावला, एक्स-रेत फुप्फुसात पाणी गेल्याच्या खुणा दिसल्या, आणि दुपारनंतर मामांना धाप वाढली. अशा वेळी त्रास काही तासांनी वाढू शकतो. मुंबईचा दोन तासांचा प्रवास त्यांनी प्राणवायूशिवाय केला असता तर ती धाप कुठे लागली असती याचा अंदाज करता येतो. रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना घरी सोडले. कायमचे नुकसान झाले नाही.

मासा मिळाला नाही. मामांना होडीवर घेतले त्या गडबडीत भाच्याने बोया सोडून दिला होता; आठवडाभराने नाखवा तेथे गेला तेव्हा बोया नव्हता, दोरही नव्हता. हेकरू अर्थातच मेला असणार, आणि ज्या तडफडीपासून त्याला सोडवायला चार बुड्या खर्ची पडल्या ती टळली नाहीच.

मामांना शेवटच्या बुडीचे वर येणे आठवत नाही. त्याहून विशेष म्हणजे, आपण स्वतः वर आलो, बोया धरला आणि मग चक्कर आली, असे त्यांना अगदी स्पष्ट आठवते. पहिले तीन आठवडे ते भाच्याला आणि घरच्यांनाही हेच सांगत होते. ब्लॅकआउटमधून आलेल्या माणसाच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. पण ज्याने शिसे सोडले, तोंडाने श्वास दिला, त्याला जेवणाच्या ताटावर “तू उगाच घाबरलास” हे ऐकावे लागणे किती जड गेले असेल, ते भाच्याने मला सांगितले नाही. त्याच्या आईने सांगितले. शेवटी मी घड्याळाची रेघ मोठ्या कागदावर छापून मामांपुढे ठेवली. २.८ वरचा आडवा तुकडा आणि मग खालची उतरण. ते बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

काय वेगळे करता आले असते

काही गोष्टी सरळ आहेत, त्यांवर फार लिहायला नको. उशीर झाल्यावर आवरण्याची वेळ होडीवरच ठरवायला हवी होती. पूर्ण मासा दिसला नव्हता आणि पन्नास सेकंद संपले होते, तेव्हा भाला सोडायचाच नव्हता. श्वासाच्या शेवटी घेतलेला नेम असाच चार बोटे मागे जातो. शिसे वाढवले तर ते जोडीदाराला सांगायचे, आणि खरे तर वाढवायचेच नाही. होडीवर प्राणवायूची छोटी टाकी हवी. जोडीदार पाण्यात असताना होडी किती अंतरावर राहणार आणि कोणत्या खुणेला जवळ येणार, हे नाखव्याशी आधी बोलून ठेवायला हवे होते. त्याला विचारले तर तो म्हणाला, की मला कोणी सांगितलेच नाही की तुमच्या खेळात होडीने काय करायचे असते.

अवघड आहे ते तिसऱ्या आणि चौथ्या बुडीमधले १ मिनिट ५ सेकंद. तेथे ज्ञान कमी पडले नाही. भाच्याला खूण कळली होती, नियम माहीत होता, पर्यायही मनात होता. त्याच्या तोंडून जे वाक्य निघाले ते प्रश्न होते, आणि तेही “आपण” घातलेला प्रश्न: थांबूया का. घरात वडीलधाऱ्या माणसाला थांबवण्याची आपली हीच रीत आहे आणि घरात ती शोभतेही. मामा, थांबा, असे म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटले असते. त्याने तसे कबूल केले. पण ज्याच्या रक्तातला प्राणवायू घसरला आहे त्याला प्रश्न विचारण्यात एक मोठी गफलत आहे, कारण उत्तर द्यायला लागणारी विवेकबुद्धी पहिल्यांदा जाते ती त्याचीच. पाण्यातला माणूस त्या क्षणी निर्णय घेण्यास सर्वांत अपात्र असतो, मग तो कितीही अनुभवी असो. अनुभव उलट घातकच ठरतो, कारण वर असलेला माणूस त्यावर विसंबतो.

नाखव्याने होडी वळवली तेव्हा मामांनी मुकाट्याने मान्य केले, यावर मी बराच विचार केला. नाखवा मामांपेक्षा वयाने मोठा, हे एक कारण खरे. पण मुख्य कारण असे, की होडी कोणाच्या शब्दावर चालते हे धक्क्यावरून निघतानाच ठरलेले होते. पाण्याबाबत असे काही ठरलेले नव्हते, म्हणून तेथे नाते चालले. यावरून मामा-भाच्यांनी आणि मी मिळून जे ठरवले ते एवढेच: वर तरंगणारा तो त्या बुडीचा तांडेल, म्हणजे त्याचा शब्द चालायचा. सुरी त्याच्याकडे. त्याने “थांबा” म्हटले की कारण न विचारता होडीवर जायचे, चर्चा तेथे करायची. भाला अडकला तर ज्याने मारला त्याने लगेच पुन्हा जायचे नाही. दहा मिनिटे पूर्ण झाल्यावर दुसऱ्याने जायचे किंवा तंगूस कापायचा. जखमी मासा सोडून देण्याचे वाईट वाटेल, ते वाटू द्यायचे.

माझ्या बाजूचे सांगायचे तर, दोन हिवाळ्यांत मी भाच्याला बेशुद्ध माणूस वर आणण्याचा सराव पन्नासएक वेळा तरी करून घेतला असेल. शुद्धीवर असलेल्या माणसाला अडवण्याचा सराव एकदाही घेतला नाही. तो आता तरणतलावात घेतो. वयाने लहान असलेल्याने मोठ्याला मध्येच थांबवायचे आणि मोठ्याने त्याच क्षणी काठाला यायचे. पहिल्या दिवशी एका विद्यार्थ्याने “सर, जरा थांबता का, प्लीज” असे म्हटले आणि सगळे हसले. त्यात मीही होतो, कारण थांबवायचे मलाच होते आणि ते ऐकूनही मी आणखी दोन हात मारले होते.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पुढच्या नोव्हेंबरात मामा आणि भाचा पुन्हा त्याच खडपावर गेले. पट्टा पाच किलोंचा, सुरी भाच्याकडे, होडीवर प्राणवायूची टाकी, नाखव्याकडे शिट्टी. भाच्याने त्या दिवशी दोनदा “थांबा” म्हटले. पहिल्यांदा मामा हसत होडीवर आले. दुसऱ्यांदा समोर तांबोसा होता आणि विश्रांतीला वीस सेकंद कमी पडत होते. मामा आले, पण जेवणाचा डबा उघडेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.